शेवटच्या खांबावरचं वेटोळं

नांदेडला जायचं माझ्या मनात नव्हतं. वर्षभर ज्यांच्याशी फोनवर भांडायचं, त्यांच्याच शेजारी खुर्चीत बसून दिवसभर भाषणं ऐकायची, यात मला कधी राम वाटला नाही. मराठवाड्यातले आम्ही सगळे छोटे इंटरनेटवाले, कुणी दोन तालुक्यांचा मालक, कुणी एका पेठेचा. निमंत्रण आलं होतं: तारांचं जाळं आणि त्याची सुरक्षा, एक दिवस, जेवणासहित. मी ते वाचून बाजूला सारलं.

दोन दिवसांनी अहमदपूरच्या एका केबलवाल्याचा भलत्याच कामासाठी फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "उस्ताद चाल्ला म्हनं हैदराबादला, पोरीकडं. आपलं सगळं जाळं कंपनीला देऊन टाकलं. महिनाअखेरीला घर खाली करून राहिला."

मी म्हणालो, "बरं झालं की." फोन ठेवला आणि नांदेडच्या संमेलनाला नाव नोंदवलं.

उस्ताद म्हणजे माझा जुना भागीदार. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. तो नांदेडच्या बाजूला, मी लातूरला. त्या सभेला तो येणार हे नक्की होतं, कारण अशा ठिकाणी सगळ्यांची विचारपूस करत फिरायला त्याला मनापासून आवडतं. मला त्याच्याशी बोलायचं होतं, आणि तो जायच्या आत बोलायचं होतं. त्यापलीकडे माझं नांदेडला काहीच काम नव्हतं.

आमची ओळख भूकंपातली. मी देवणीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, बारावी नापास होऊन लातुरात रिकामा हिंडत होतो. तो मुदखेडचा. वडलांचं तिथे घड्याळं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान, त्यांच्या आधी आजोबांचंही तेच. भूकंपानंतर पडलेल्या गावांजवळ पत्र्याचे शेड उभे राहिले, तिथे तात्पुरते फोन लावायला रोजंदारीवर माणसं घेत होते. आम्ही दोघं त्यात लागलो. बांबू रोवायचे, तार ओढायची, टेबलावर फोन ठेवायचा. लोक सकाळपासून रांगेत उभे राहायचे. कुणी सोलापूरला, कुणी पुण्याला, मिळेल त्या नातेवाइकाला सांगायचे, आम्ही हाव.

त्या रांगेत एक म्हातारी बाई रोज यायची आणि नंबर आला की बाजूला सरायची. एक दिवस ती सरली नाही. मी विचारलं, "मावशी, नंबर सांगा."

"नंबर न्हाई," ती म्हणाली. "पर बोलायचंय."

माझ्या मागे चाळीस माणसं उभी होती. मी चिडूनच म्हणालो, "नंबर न्हाई तर फोन कुनाला लावू? बाजूला व्हा." उस्ताद माझ्यामागेच उभा होता. त्याने तिच्या हातात रिसीव्हर दिला, मला डोळ्यानेच गप्प केलं, आणि लाइन तपासायचा आमचा छोटा फोन उचलून शेडच्या मागे गेला. तिथे त्याने तो त्याच तारेला जोडला. पत्र्याआडून त्याचा आवाज मला नीट ऐकू आला.

"हां, बोला."

आणि ती बोलली. म्हशीचं बोलली, दारातल्या कडुनिंबाचं बोलली, घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन बोलली. पत्र्यात दुपारी बसवत नाही, तेही सांगितलं. तो मधूनमधून नुसतं "हां" म्हणत होता. रांगेतल्या लोकांना सगळं कळत होतं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. बोलणं झाल्यावर तिने रिसीव्हर जपून ठेवला आणि मला म्हणाली, "लई दिसांनी कुनी मधी बोललं न्हाई."

मला तेव्हा त्याचं काही विशेष वाटलं नाही. दिवसभराचं काम खोळंबलं, एवढंच मनात आलं. मी माणूस तसाच आहे.

त्यानंतर आम्ही लातुरात एकत्र धंदा मांडला. आधी टीव्हीची केबल, मग इंटरनेट. तो खांबावर, मी टेबलावर. कितीतरी ईदला मी त्याच्याकडे शीरखुर्मा खाल्ला, आणि वेळ अमावास्येच्या सणाला तो आमच्या गावी शेतात पालेभाज्या-शेंगांची भज्जी खायला यायचा. मी त्याला उस्ताद म्हणायचो, तो मला दोस्त. आमचं भांडण व्हायचं ते फक्त एका गोष्टीवरून. कुठल्याही खांबावर काम संपलं की तो जास्तीच्या केबलचं एक वेटोळं करून वर बांधून ठेवायचा. ते सगळेच ठेवतात, पण त्याची वेटोळी भलतीच दांडगी. मी म्हणायचो, खांबावर टांगून ठेवायला काय ते तोरण आहे का? मी स्वतः तार ओढली तर बेताबेतात कापायचो. तो म्हणायचा, "तानून ठेवलेली तार तुटली की मंग जोडायला हातात काय ऱ्हाते, दोस्त?"

मग लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, सगळीकडची अकरावी-बारावीची मुलं लातुरात यायला लागली. गल्लीगल्लीत वसतिगृहं, आणि भिंतीभिंतीवर गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो. बहुतेक वसतिगृहांत मोबाइलला बंदी. उस्तादनेच त्यावर तोड काढली. प्रत्येक वसतिगृहाच्या हॉलमध्ये एक संगणक, त्यावर कॅमेरा, आणि रविवारी दुपारी प्रत्येक मुलाला घरच्यांशी बोलायला दहा मिनिटं. पाळ्यांचा कागद तो स्वतःच्या हाताने लिहून भिंतीला चिकटवायचा. घरचे लोक आपापल्या गावच्या संगणकाच्या दुकानात जाऊन बसायचे. रविवारी दुपारी आमच्या तारांवरून अख्खा मराठवाडा रडायचा आणि हसायचा.

वसतिगृहवाल्यांना ते खुपायला लागलं. बारावीच्या परीक्षेला दोन महिने उरले असताना चार-पाच जण मिळून माझ्याकडे आले. आईचं तोंड दिसलं की पोरं दोन दिवस अभ्यास करत नाहीत, रविवारचं ते बंद करा, म्हणाले. उस्ताद तेव्हा पुतणीच्या लग्नाला मुदखेडला होता. मी त्याला विचारू शकलो असतो. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. संगणकावर एक ओळ लिहिली आणि सगळ्या वसतिगृहांच्या रविवारच्या गप्पा बंद झाल्या. मुलांच्या घरी कुणी कळवायचं, हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणाला पडला नाही. मलाही पडला नाही.

सोमवारी दुपारी उस्ताद मुदखेडहून परतला, तर स्टँडजवळच्या मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाला धरून एक माणूस उभा. धर्माबादकडचा शेतकरी. आदल्या दिवशी बारापासून संध्याकाळपर्यंत तो गावच्या दुकानात काळ्या पडद्यासमोर बसला होता. मुलगी दिसेना, फोन कुणी उचलेना, तेव्हा पहाटेची गाडी धरून उभ्याने लातूरला आला. फाटकावरच्या बाईला तो एकच विचारत होता, "पोरगी हाय ना? जित्ती हाय ना?" मुलगी खाली आली, धडधाकट, हातात वही. तो माणूस तिथेच खाली बसला आणि रडला.

हे मला उस्तादने ऑफिसात येऊन सांगितलं. बसला नाही.

"तू लाइन तोडलीस?"

"तोडली न्हाई. बंद केली," मी म्हणालो. "पायजे तवा चालू करता येते की."

"हा फरक त्या बापाला समजावून सांग जा."

मीही पेटलो. धंदा कुणाच्या जिवावर चालतो, लग्नात जेवत बसायला तुला काय जातंय, असलं बरंच बोललो. त्याने खिशातल्या चाव्या टेबलावर ठेवल्या, आपली शिडी खांद्यावर घेतली आणि गेला. पुढे नांदेडला त्याने स्वतःचं जाळं उभं केलं. मी ऑफिसचा नंबर बदलला. रविवारच्या गप्पा मी परीक्षा झाल्यावर पुन्हा चालू केल्या, पण त्याला तसं कळवलं नाही.

तर नांदेडची सभा. स्टेशनजवळचा हॉल, गळ्यात पट्टी, पट्टीवर गावाचं नाव. दीडेकशे लोक असतील. उस्ताद पुढून तिसऱ्या रांगेत बसला होता. केस पूर्ण पांढरे, आणि मधेच एक हात कानामागे नेत होता, म्हणजे ऐकायला कमी आलेलं. मी मागे, दारापाशी.

पहिलं भाषण पुण्याहून आलेल्या एका हुशार तरुणाचं. शेजारच्या जाळ्यातून जे येतं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तो म्हणाला, प्रत्येक गोष्ट तपासून मगच आत घ्या. मग त्याने विचारलं, "तुमच्याकडून सोडून गेलेल्या माणसांचे पासवर्ड किती जणांनी बदललेत?" चार-पाच हात वर झाले आणि हॉलमध्ये खसखस पिकली. माझा हात वर गेला नाही. माझ्या मुख्य यंत्राचा पासवर्ड अजून उस्तादने ठेवलेलाच होता. आळस, दुसरं काय, असं मी मनाशी म्हणालो.

जेवणाआधी भिंतीवर नकाशा आला. सगळ्यांनी आपापल्या तारा आधीच पाठवल्या होत्या, त्या एकत्र करून काढलेल्या. लातूरला इंटरनेट सोलापूरकडून येतं, नांदेडला हैदराबादकडून. मधे रस्त्यासाठी जेसीबीने कुठे तार तोडली की आपापलं गाव अंधारात. दोन्ही बाजू जोडल्या तर एकीकडून तुटलं तरी दुसरीकडून येईल, गावाला दोन रस्ते असावेत तसं. नकाशावर माझी हिरवी रेघ अहमदपूर ओलांडून पुढे गेली होती, उस्तादची तांबडी लोह्याहून अलीकडे आली होती. दोन्ही एका ओढ्याच्या दोन काठांवर थांबलेल्या. मधे जेमतेम दीडशे पावलं.

"एवढंच ऱ्हायलंय व्हय!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. कुणाला काही माहीत नव्हतं. सूत्रसंचालकाने दोघांची नावं घेतली आणि माइक उस्तादकडे दिला.

तो उभा राहिला. मागे वळून त्याने मला शोधलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता, आणि मी हातातल्या मोबाइलकडे.

"लातूरवाल्यांना इचारा," तो म्हणाला. "माझी काय ना न्हाई."

माइक माझ्याकडे आला. मला म्हणायचं होतं, उस्ताद, चुकलं माझं. दीडशे माणसांसमोर नसतं म्हणता आलं, तर निदान हो म्हणता आलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. मी म्हणालो, "आता ते जाळं कंपनीचं होनार. कंपनीनं अर्ज करावा, मग बघू."

उस्ताद खाली बसला. जेवणाच्या वेळी तो पिठल्याच्या रांगेत होता, तेव्हा मी भाताच्या रांगेत गेलो. निघताना तो सरळ दाराकडे, माझ्याकडे येताना दिसला, आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्या बुटांना नाड्या नाहीत. त्याचे पाय माझ्यासमोर येऊन थांबले, थोडा वेळ थांबले आणि गेले. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखीच वर बघवेना.

परतीच्या एसटीत लोहा गेल्यावर तो पासवर्ड पुन्हा डोक्यात आला. अकरा वर्षं माझ्या सगळ्या जाळ्याची किल्ली त्याच्याकडे होती. मनात आणलं असतं तर नांदेडला बसून एका ओळीत त्याने माझं लातूर बंद केलं असतं. त्याने कधी आतही डोकावलं नाही, ते यंत्रात नोंदलं जातं. एका ओळीत बंद करणारा आमच्यात एकच होता. उद्या फोन करू, असं ठरवून मी घरी आलो. बायको पुण्याला मुलाकडे, नातवाला सांभाळायला. घरात बोलायला कुणी नाही. उद्याचं परवा झालं, आणि महिना संपला.

पुढच्या महिन्यात सोलापूरच्या बाजूला रस्ता रुंद करताना माझी तार तुटली. एका ठिकाणी नाही, सहा ठिकाणी. दोन दिवस लागणार होते. शनिवार होता. वसतिगृहांचे फोन सुरू झाले, सोमवारी सराव परीक्षा, रविवारी पालक संगणकासमोर बसणार. अडला हरी, मी नांदेडच्या त्या कंपनीला फोन लावला. तीन माणसांनी मला एकमेकांकडे ढकललं. चौथा बरा होता. त्याने नकाशा उघडून पाहिला आणि म्हणाला, "सर, लोह्याच्या पुढे आमच्याकडं काहीच दाखवत न्हाई. तिथून तुमच्यापर्यंत यायचं तर नवी परवानगी, नवी केबल. महिना तरी लागंल."

तरीही मी मोटारसायकल काढून अहमदपूरच्या पुढे गेलो. कशासाठी, ते सांगता येणार नाही. माझ्या शेवटच्या खांबावर माझी तार नेहमीसारखी बेताबेतात कापलेली, वर दोन फेरेसुद्धा नाहीत. ओढा कोरडा होता, ओलांडून पलीकडे गेलो. अकरा वर्षांत त्या काठावर मी पाय ठेवला नव्हता.

त्याच्या शेवटच्या खांबावर एक वेटोळं लटकत होतं. लोखंडी पट्टीने नीट बांधलेलं, उन्हाने पांढुरकं पडलेलं, आत चिमण्यांनी काड्या खोचलेल्या. एवढं मोठं वेटोळं मी कुठल्याच खांबावर पाहिलेलं नाही. केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. खांबाला टेकून उभा राहिलो, मोबाइलचा कॅमेरा वर धरून मोठा केला आणि सुरुवातीचा आकडा वाचला, मग टोकाचा. वजाबाकी केली. ओढा ओलांडून माझ्या खांबापर्यंत पोचून वर दहा-पंधरा मीटर उरेल, एवढी ती केबल होती. केबलवर ती बनवल्याचं सालही छापतात. आमचं भांडण झालं, त्याच्या पुढच्याच वर्षीची होती.

म्हणजे दहा वर्षं ती तिथे होती. मी यावं, माझी तार धरावी आणि जोडावी, एवढंच बाकी होतं. आता सभेतली ती तांबडी रेघ कंपनीच्या नकाशात उतरलीच नव्हती, आणि कंपनीच्या तारेला हात लावायचा मला हक्क नव्हता. टोकाला त्याने पाणी शिरू नये म्हणून टोपण बसवून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. मी तिथे मातीत बसून रडलो. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "काका, पडलाव काय?" मी हाताने नाही म्हणालो.

रविवारी दुपारी मी स्टँडजवळच्या त्या वसतिगृहात जाऊन बसलो. मुली पाळीप्रमाणे संगणकापाशी येत होत्या आणि काळा पडदा बघून परत जात होत्या. मी माझा मोबाइल काढला आणि त्यांना म्हणालो, घरचा नंबर सांगा. एकेक करत सगळ्यांना लावून दिला. एका मुलीचं बोलणं लांबलं, तरी मी घड्याळ पाहिलं नाही.

सगळ्या वर गेल्यावर हॉलमध्ये मी एकटाच राहिलो. उस्तादचा नंबर मला पाठ होता, तो त्याने कधी बदललाच नव्हता. माझा मात्र त्याच्याकडे असायचं कारण नव्हतं. मी लावला. चार वेळा वाजला, मग उचलला गेला. मागे कुठल्यातरी लहान मुलाचा आवाज, भांड्यांचा आवाज, आणि मग दार ओढल्यासारखं होऊन शांत झालं.

"हां, बोला," तो म्हणाला.

मी कोण, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. वेटोळ्यापासून सुरुवात केली. आकडे सांगितले, चिमण्यांच्या काड्या सांगितल्या, रविवारच्या गप्पा त्याच उन्हाळ्यात पुन्हा चालू केल्या होत्या ते सांगितलं. धर्माबादच्या त्या बापाचं सांगितलं, बुटांना नाड्या नसल्याचं सांगितलं, आणि चुकलं म्हणालो. खूप वेळ बोलत होतो. मधे एकदाही तो बोलला नाही.